कादंबरीवरून आलेले मराठी चित्रपट: आधी वाचावे की आधी पाहावे?

ओसरी:

आपल्या या मंचावर पुस्तकांविषयीच्या चर्चांचे धागे वेगळे आणि चित्रपटांविषयीचे वेगळे चालत असल्यामुळे ज्या कलाकृती दोन्हीकडच्या आहेत, त्यांच्याबद्दल सलग बोलणे राहून जाते. कादंबरीवरून चित्रपट करण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे आणि मराठीतल्या उत्तम चित्रपटांची यादी कोणीही केली, तरी तिच्यात असे चार-पाच चित्रपट येतातच. पण त्यांच्याविषयीचा अभिप्राय बहुधा ‘पुस्तकाची सर नाही’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो. हे वाक्य पुष्कळदा खरे असते. मात्र ज्याने पुस्तक वाचलेले नाही आणि चित्रपटही पाहिलेला नाही, त्याला त्यातून काहीच मिळत नाही. सुरुवात कुठून करावी, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे असते.

याला सरसकट उत्तर नाही, परंतु माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवलेली आहे. कादंबरीचा जीव निवेदकाच्या बोलण्यात असेल तर ती आधी वाचावी. तो एखाद्या भूभागात, लोकांच्या कामात किंवा त्यांच्या वाद्यांत असेल आणि तो भूभाग वाचकाच्या परिचयाचा नसेल, तर आधी चित्रपट पाहावा.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, सुऱ्या, चित्रे, फावड्या हे मित्र आणि शिरोडकर ही मुलगी एवढाच ऐवज आहे. घटना म्हणाव्यात अशा फार नाहीत. जे काही घडते ते मुकुंद जोशीच्या सांगण्यात घडते. आईला आईसाहेब आणि बहिणीला अंबाबाई म्हणणारा हा मुलगा मोठ्या माणसांकडे ज्या नजरेने पाहतो, वर्गात कोण कोणाला लाइन देते याचा जो बारीक हिशेब ठेवतो आणि स्वतःला जे कळलेले नाही तेही ज्या ऐटीत सांगतो, त्या सगळ्याची लय वाक्यावाक्यांत आहे. सुजय डहाके यांच्या चित्रपटाला 2011 सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता, कारण मुलांची निवड, वर्गातले वातावरण आणि नंदू माधव यांनी उभे केलेले वडील यांत उणे काढायला जागा नाही. तरीही अंशुमन जोशीचा चेहरा एकदा डोळ्यांसमोर बसला की पुस्तकातला मुकुंद आपल्याला स्वतःच्या मनाने घडवता येत नाही. या कादंबरीत तर वाचकाने आपली शाळा आणि आपला बाक तिथे नेऊन ठेवणे हाच वाचनाचा मोठा भाग आहे. म्हणून ज्यांनी यांतले काहीच अनुभवलेले नाही, त्यांनी आधी पुस्तक घ्यावे आणि मग निदान काही महिने जाऊ द्यावेत.

दुसऱ्या टोकाला ‘जैत रे जैत’ आहे. गो. नी. दांडेकरांची ही कादंबरी आकाराने लहान असून ती ठाकर या आदिवासी जमातीच्या वस्तीतली आहे. ढोल वाजवणारा नाग्या, चिंधी आणि लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी नाग्याने मांडलेले वैर हा तिचा विषय. शहरात वाढलेल्या वाचकाने तो डोंगर पाहिलेला नसतो, मधाच्या पोळ्यांनी लगडलेला कडा पाहिलेला नसतो आणि रात्रभर चाललेला ढोल ऐकलेला नसतो. जब्बार पटेलांच्या 1977 च्या चित्रपटाने हे सारे दिले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाण्यांनी कथा पुढे नेली. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांमुळे तिथे गाणे हे ठाकरांच्या बोलण्याचेच पुढचे रूप वाटते. ‘मी रात टाकली’ ऐकल्यानंतर मूळ कादंबरी हाती घेतली, तर दांडेकरांची वाक्ये कोणत्या ठेक्यावर वाचायची हे आधीच ठाऊक झालेले असते. इथे चित्रपट वाचनाची तयारी करून देतो.

इतरांचे अनुभव जाणून घ्यायला आवडेल. केवळ नावे न देता, कोणत्या क्रमाने सुचवाल आणि का, हे कृपया लिहावे.

माणदेशी:

धागा काढल्याबद्दल आभार. कसोटी मला पटते, परंतु ‘बनगरवाडी’ तिच्यात कुठे बसवायची असा प्रश्न पडला, कारण ती दोन्हींकडे सारखीच जाते.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 सालची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका लहानशा वस्तीत शिकवायला आलेला तरुण मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, ती स्वतः सांगतो. तेव्हा निवेदक आहे. पण हा निवेदक मुकुंदसारखा स्वतःविषयी बोलत नाही, तो जवळजवळ सतत दुसऱ्यांकडे पाहत असतो. कारभारी, आयबू, दादू बालट्या, आपण चोरी करतो हे मास्तरला सरळ सांगणारा आनंदा रामोशी, ही माणसे त्याच्या नजरेतून येतात आणि तो बाजूला उभा राहतो. त्याच वेळी भूभागही आहे, आणि तो नुसता मागचा पडदा नाही. माणदेशात पाऊस झाला नाही तर काय होते, मेंढरे जगवण्यासाठी माणसे कुठे जातात आणि गाव म्हणून जे उभे राहिले ते किती थोड्या दिवसांत रिकामे होऊ शकते, हे कळल्याशिवाय शेवटची प्रकरणे कळत नाहीत.

अमोल पालेकरांनी 1995 मध्ये केलेला चित्रपट मी आदराने पाहिला. चंद्रकांत मांढरे यांचा कारभारी माझ्या मनातल्या कारभाऱ्याच्या अगदी जवळचा होता आणि माळरानाचे चित्रण खोटे वाटले नाही. तरीसुद्धा या बाबतीत मी आधी पुस्तकच सुचवेन. माडगूळकर भूभागाचे वर्णन फार थोडक्यात करतात. दोन ओळींत ऊन, एका ओळीत कुत्री आणि पुढे माणूस बोलू लागतो. कॅमेऱ्याला इतके थोडके राहता येत नाही. तो माळ दाखवतो तेव्हा सगळाच माळ दाखवतो. ज्याने माणदेश पाहिलेला नाही त्यानेही या कादंबरीला स्वतःच्या कल्पनेने सामोरे जावे, कारण लेखकाने जे गाळले आहे ते गाळलेलेच राहणे या पुस्तकात फार मोलाचे आहे.

तेव्हा तुमच्या कसोटीला मी एक जोड सुचवतो. भूभाग अनोळखी आहे की नाही एवढेच न पाहता, लेखक त्याबद्दल किती बोलतो आणि किती गप्प राहतो, हेही पाहावे.

उत्तररात्र:

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एका कादंबरीचा एक चित्रपट असा विचार झाला आहे. ‘सिंहासन’ हे प्रकरण निराळे आहे आणि त्यावर सविस्तर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही.

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. साधू स्वतः पत्रकार होते आणि मंत्रालयाचे सज्जे, कामगारांचे संप, तस्करी, झोपडपट्टी हे सर्व एकाच शहराच्या पोटात कसे गुंतलेले असते, हे त्यांनी या कादंबऱ्यांत दाखवले. चित्रपटासमोरचा प्रश्न त्यामुळे गाळण्याचा होता. दोन भरगच्च कादंबऱ्यांतून काय ठेवायचे? तेंडुलकरांनी मुख्यमंत्री जिवाजीराव आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्यातला सत्तासंघर्ष हा कणा धरला आणि बाकीचे सारे दिगू टिपणीस या पत्रकाराच्या पायांनी फिरवले. अरुण सरनाईक, श्रीराम लागू, कामगार नेता डिकास्टाच्या भूमिकेतले सतीश दुभाषी आणि दिगू झालेले निळू फुले यांचे काम पाहताना मला नेहमी वाटते की खुर्चीवर बसलेली माणसे इतक्या हळू आवाजात बोलत असूनही एवढा ताण निर्माण होणे, हे मराठी पडद्यावर फार क्वचित घडले आहे.

क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आधी चित्रपट, मग दोन्ही कादंबऱ्या. त्याचे कारण भूभागाच्या परिचयाशी संबंधित नाही. पात्रांची संख्या मोठी असल्यामुळे नवा वाचक, विशेषतः सत्तरीच्या दशकातले महाराष्ट्राचे राजकारण ज्याच्या जन्माआधीचे आहे असा वाचक, ‘मुंबई दिनांक’च्या सुरुवातीला गोंधळू शकतो. चित्रपट त्याला सांगाडा देतो. मग कादंबरीत शिरल्यावर त्या सांगाड्याभोवती किती शहर होते हे त्याच्या लक्षात येते, आणि चित्रपटाने काय सोडून दिले ते पाहण्यातही वेगळा आनंद आहे.

मात्र एक गोष्ट फक्त चित्रपटातच अनुभवावी. सुरेश भटांची ‘उषःकाल होता होता’ ही रचना आशा भोसले यांच्या आवाजात तिथे ज्या जागी येते आणि शेवटी दिगूचे जे होते, त्यानंतर निवडणुकीच्या निकालाची बातमी वाचताना माझ्या मनात निळू फुले यांचे ते हसणे अजूनही येते. ज्यांनी निळू फुले यांना केवळ खलनायक म्हणून पाहिले आहे, त्यांनी तर हा चित्रपट पाहणे मी कर्तव्यच मानतो.

ओसरी:

माणदेशी, तुमची जोड मी आनंदाने स्वीकारतो. लेखक किती गप्प राहतो हा मुद्दा ‘बनगरवाडी’ला जितका लागू आहे तितकाच दांडेकरांना लागू नाही, कारण दांडेकर भरभरून सांगणारे लेखक आहेत आणि त्यामुळेच त्यांच्या बाबतीत आधी पाहिल्याने नुकसान होत नाही.

उत्तररात्र, सांगाड्याचा मुद्दा फार उपयोगी आहे. ज्यांना जाड कादंबरीची भीती वाटते, त्यांना हाच मार्ग सांगावा.

पारिजात:

मला या चर्चेत ‘नटरंग’ आणायचा आहे, आणि थोडा निषेधाचा सूरही.

आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा कागलकर हा शेतमजूर, पैलवानी अंगाचा माणूस. तमाशाच्या वेडापायी तो फड उभा करतो आणि नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष कलावंत, मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. त्यासाठी त्याला आपले शरीर, चाल आणि आवाज बदलावे लागतात. नंतर लोक या बदलाची शिक्षा त्याला देतात. रवी जाधव यांचा हा पहिलाच चित्रपट 2010 च्या पहिल्या दिवशी प्रदर्शित झाला. अतुल कुलकर्णी यांनी भूमिकेसाठी आधी कमावलेले आणि मग उतरवलेले शरीर, किशोर कदम यांचा पांडोबा आणि अजय-अतुल यांचे संगीत यांच्यामुळे एका पिढीला तमाशाकडे नव्याने पाहता आले. हे श्रेय मोठे आहे आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही.

निषेध आहे तो शेवटाबद्दल. चित्रपट गुणाला अखेरीस सन्मानाच्या व्यासपीठावर नेतो. प्रेक्षक समाधानाने उठतो. कादंबरी वाचकाला असा दिलासा देत नाही आणि तिची ताकद माझ्या मते तिथेच आहे. ज्या समाजाने एका कलावंताला त्याच्या कलेसाठीच चिरडले, तोच समाज पुढे त्याला शाल देतो असे दाखवले की मधला अन्याय एका मोठ्या प्रवासातला टप्पा होऊन जातो. तो टप्पा नव्हता. नाच्याचे काम करणाऱ्या कितीतरी माणसांच्या आयुष्यात पुढे व्यासपीठ आलेच नाही, आणि यादव त्यांच्याविषयी लिहीत होते.

म्हणून क्रम सांगताना हेही विचारात घ्यावे की चित्रपटाने शेवट बदलला आहे का. बदलला असेल तर ज्याचा शेवट अधिक खरा वाटतो ती कलाकृती नंतर घ्यावी, कारण मनात राहते ते नंतरचे. ‘नटरंग’ आधी पाहावा, त्यातली गाणी मनमुराद ऐकावीत, आणि मग कादंबरी वाचावी.

याच्या उलट राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने मुळाला धक्का लावला असे मला वाटत नाही. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची एक कथा त्याच्यामागे आहे. यल्लमा देवीला सोडलेली मुलगी आणि जोगत्या, म्हणजे बाईच्या वेशात देवीची सेवा करणारा, केलेला मुलगा यांना माणूस म्हणून जगण्याचा हक्क आहे, हे उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे यांनी ज्या संयमाने दाखवले त्याला तोड नाही. लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी ‘चौंडकं’ वाचायची असेल तर मन घट्ट करून बसावे. सीमाभागातली बोली सुरुवातीला अडवते. पंचवीस-तीस पानांनंतर ती अडवत नाही.

दूरदेशी:

मी न्यू जर्सीत राहते. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून तिला मराठी उत्तम समजते, पण देवनागरीत कादंबरी वाचणे तिला जड जाते. तिच्यासाठी ‘शाळा’च्या बाबतीत ओसरी यांचा क्रम पाळणे शक्य नाही. अशा मुलांसाठी आपण काय सुचवाल?

माणदेशी:

दूरदेशी ताई, तिच्यासाठी ‘शाळा’ चित्रपट अवश्य लावा. पुस्तक नंतर तुम्ही तिला रोज थोडे वाचून दाखवा. ते बोलण्याच्या भाषेत लिहिलेले असल्यामुळे मोठ्याने वाचले तर मुलांना फार लवकर पोहोचते. ‘बनगरवाडी’चा राम देशमुख यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने आहे. तो तिला स्वतंत्रपणे वाचता येईल. अनुवादात माणदेशी बोलीचा गंध उरत नाही, परंतु माणसे उरतात.

काचपेटी:

दूरदेशी यांच्या प्रश्नावरून ‘श्यामची आई’ची आठवण व्हायला हवी होती, आणि इतक्या प्रतिसादांत ती कोणालाच झाली नाही याचे मला आश्चर्य वाटते.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांतच लिहिले. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, कारण श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकण्याचे आहे. आचार्य अत्रे यांच्या 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम अनेक घरांत पुस्तकाच्याही आधी पोहोचले. अत्र्यांनी आठवणींचा हार सोडवून त्याची सलग गोष्ट केली आणि ‘छडी लागे छम छम’सारखी गाणी घालून मुलांना हसवलेही. सुजय डहाके यांनी 2023 मध्ये पुन्हा हा विषय घेतला. त्यांचा चित्रपट कृष्णधवल आहे आणि त्यात ओम भूतकर यांच्या रूपाने मोठेपणीचे साने गुरुजीही येतात. आईची आठवण सांगणारा माणूस कोण होता, कोणत्या लढ्यात होता, हे त्यामुळे आजच्या मुलाला कळते. पंधरा वर्षांच्या मुलीला मी आधी हा नवा चित्रपट दाखवेन, मग रोज एक रात्र वाचून दाखवेन आणि अत्र्यांचा चित्रपट सर्वांत शेवटी सर्वांनी मिळून पाहावा असे सुचवेन.

मालिकांचाही उल्लेख करतो. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वर गजानन जागीरदार यांनी दूरदर्शनसाठी मालिका केली होती. रवींद्र मंकणी माधवराव पेशवे आणि मृणाल देव त्यांच्या पत्नी रमाबाई. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी कादंबरी त्यानंतर वाचली आणि थेऊरची शेवटची प्रकरणे त्याच दोन चेहऱ्यांनी वाचली. ओसरी म्हणतात तसे आपली कल्पना त्यामुळे बांधली गेली हे खरे, पण मला त्याची हळहळ वाटत नाही. ऐतिहासिक कादंबरीत वाचकाला त्या काळातला पोशाख, बैठक, बोलण्याची अदब यांचा आधार लागतो आणि तो आधार त्या मालिकेने प्रामाणिकपणे दिला.

ओसरी:

काचपेटी, ‘श्यामची आई’चा तुम्ही सांगितलेला क्रम मला पूर्ण मान्य आहे. ‘स्वामी’बद्दल मात्र मी पुस्तक आधी या मतावर ठाम आहे. पोशाख आणि बैठकीसाठी चित्रे आहेत, वाडे आहेत. माधवरावांचा एकटेपणा मात्र वाचकाने आपल्या मनात एकदा तरी कोणाच्या चेहऱ्याशिवाय अनुभवावा.

पारिजात यांच्या शेवटाच्या मुद्द्यावरून ‘उंबरठा’विषयी लिहितो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि 1982 मध्ये जब्बार पटेलांचा चित्रपट आला. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते आणि परत येते तेव्हा ते घर तिचे उरलेले नसते. तिथून ती निघते. चित्रपट तिला परत कुठेही पोहोचवत नाही, तिच्या निर्णयावर कोणाची शाबासकीही लादत नाही आणि प्रेक्षकाला दिलासा देण्याचे नाकारतो. पारिजात, तुम्ही ‘नटरंग’कडून जी अपेक्षा करत आहात ती इथे पूर्ण झालेली दिसेल.

दुःख एवढेच आहे की ‘उंबरठा’ सर्वांना ठाऊक आहे आणि ‘बेघर’ फारच थोड्यांना. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ गुणगुणणाऱ्या दहा जणांना विचारावे, मूळ लेखिकेचे नाव सांगता येणारा क्वचित भेटतो. चित्रपट मोठा झाला की कादंबरी त्याच्या सावलीत जाते, आणि ती सावली लेखिकेच्या बाबतीत जास्त दाट पडते असे मला वाटते. आश्रमातल्या बायकांविषयी आधी लिहिण्याचे धैर्य एका बाईने दाखवले होते, म्हणून तेंडुलकर आणि पटेल यांना तिथवर जाता आले. त्यामुळे ‘बेघर’ ज्यांना मिळेल त्यांनी ती आधी वाचावी. जुन्या ग्रंथालयांत शांता निसळ यांच्या नावाने शोध घ्यावा. नव्या प्रतीसाठी अडून बसू नये. घरात मराठी न कळणारे कोणी असेल तर याच चित्रपटाची ‘सुबह’ ही हिंदी आवृत्ती त्यांच्यासोबत पाहता येईल.

पुण्या-मुंबईच्या किंवा आपल्या गावच्या ग्रंथालयात ज्यांना ‘बेघर’ची प्रत आढळेल, त्यांनी ग्रंथालयाचे नाव इथे लिहावे, म्हणजे इतर सभासदांना तिथे जाऊन वाचता येईल.